दक्षता मंडळाचा फळा

महिपती मास्तरांनी कालचा मजकूर पुसला, नवा खडू मोडून त्याची धार पाहिली आणि खिशातली चिठ्ठी उघडली. वाचता वाचताच त्यांचं डोकं फिरलं. विरोधी पक्षाच्या एका नगरसेवकाच्या पुतण्याच्या दारासमोर म्हणे रस्त्याचा दिवा लागला होता. एक दिवा! त्र्याहत्तरचा दुष्काळी उन्हाळा, सोलापूरच्या भवानी पेठेत बायाबापड्या घागरभर पाण्यासाठी कुठल्या कुठे पायपीट करताहेत, आणि भ्रष्टाचारावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्या नागरिक दक्षता मंडळाला दिसलं काय, तर दिवा.

"आमचं आलंय का त्यात?" मागून आवाज आला.

सिद्धम्मा उभी होती. कडेवर रिकामी घागर, कपाळावर भस्माची बोटं. दोन महिन्यांत ही तिची सहावी खेप.

"नाही आलं," मास्तर म्हणाले. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून चौकातला हा फळा मंडळानं त्यांच्या हाती दिला होता. नियम एकच. अध्यक्ष मुकुंदराव वकिलांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटवायचं नाही, आणि मजकुराखाली मंडळाचं नाव टाकायचं. तीन वर्षांत मास्तरांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. खरंखोटं बघायला अध्यक्ष आहेत, आपण फक्त हात, असं ते चारचौघांत सांगत.

सिद्धम्माच्या बोळासाठी सार्वजनिक नळ मंजूर झाला होता. पाइप आला, नळही बसला. फक्त तो बसला कोंडीबा नगरसेवकाच्या कुंपणाच्या आत, सूत रंगवायच्या टाक्याशेजारी. तेव्हापासून बोळातलं गटार एक दिवस जांभळं वाहायचं, एक दिवस हिरवं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण कोंडीबा पडला वकीलसाहेबांच्या पक्षाचा, तेव्हा मंडळाला आरसा हवाच होता. आधी अर्ज, मग पाच शेजाऱ्यांचे अंगठे, मग स्टँपपेपर, मग मंजुरीच्या कागदाची नक्कल. बाई मुकाट्यानं एकेक आणत गेली. दर वेळी तो कागद वकीलसाहेबांच्या फायलीत जाई आणि फाइल कपाटात.

"मास्तर, सून आठव्या म्हयन्यात हाय," सिद्धम्मा म्हणाली. "तिला घागर उचलू देत न्हाय मी. माजी कंबर धरली की घरात पानी बंद."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "चला माझ्याबरोबर."

वकीलसाहेबांचं ऑफिस चार दुकानं सोडून होतं. साहेब बशीत चहा ओतत होते. मास्तरांना पाहून हसले, मागे बाई दिसताच हसू आवरलं.

"साहेब, यांच्या नळाचं आज लिहूया," मास्तर म्हणाले. "कागद पुरे झाले आता."

"मास्तर, नुसत्या आरोपावरून एखाद्याची बदनामी करणं मंडळाच्या तत्त्वात बसत नाही. निःपक्षपातीपणा हीच आपली इभ्रत आहे."

"गटार रोज रंग बदलतंय, साहेब. अख्खा बोळ बघतोय."

"रंगखाने पेठेत पन्नास आहेत. अमुक पाणी अमुक नळाचं, हे सिद्ध कसं करणार?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "आपण एक उपसमिती नेमू."

उपसमिती म्हटल्यावर मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे न्यायाचं तत्त्व असेल तर तसं सांगावं ना सरळ!

"गेल्या वर्षी त्या रेशनवाल्याच्या वेळी कुठे नेमली होती उपसमिती?" त्यांचा आवाज चढला. "रेशनची लाल मिलो ज्वारी काळ्या बाजारात विकतो म्हणून तुम्ही सकाळी चिठ्ठी दिलीत, मी दहा वाजता लिहिलं. पुरावा काय, तर हॉटेलात कुणीतरी बोललं. पण लिहिलं म्हणून तर चोर उघडा पडला! तसंच यांचंही—"

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी रिकामी बशी कपावर झाकली. "दिव्याचं तेवढं आज लागलं पाहिजे, मास्तर."

बाहेर आल्यावर मास्तर ताडताड चालू लागले. आपण आज वकिलाला तोंडावर सुनावलं, याचं त्यांना जरा बरंही वाटत होतं. सिद्धम्मा दोन पावलं मागे होती.

"मास्तर," ती म्हणाली. "त्यो रेशनवाला म्हंजे माजं मालक."

मास्तर थांबले. मंडळाकडे आलेले अर्ज ते कधी वाचत नसत, तिचं पूर्ण नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

"सरकारी साहेब लोक दोनदा येऊन पोती मोजून गेले. एक मूठ कमी न्हवती. मालक त्या दुसऱ्या पार्टीच्या सभेत सतरंज्या हातरायचे, एवडंच." ती कुणा शेजाऱ्याची हकिकत सांगावी तसं सांगत होती. "पन लोकांनी कार्डं दुसरीकडं न्हेली. रस्त्यानं निगालं की पोरं मिलोचोर म्हनायची. आता अक्कलकोटला असत्यात ते, मटात झाडलोट करत्यात. हितं यीना झाल्यात."

तो मजकूर मास्तरांनी तीन रंगांत लिहिला होता. 'चोर' हा शब्द तांबड्या खडूनं. लोकांनी अक्षराची तारीफ केली होती आणि मास्तर त्या दिवशी घरी पेढे घेऊन गेले होते.

"मग तुम्ही पुन्हा इथंच कशाला आलात, बाई?"

"मग कुटं जाऊ? फळ्यावर लिवलं की लोकं मानत्यात. मी बगितलंय की."

मास्तर तडक फळ्याशी आले. त्यांनी चिठ्ठी फाडली, तुकडे सदऱ्याच्या खिशात टाकले आणि लिहायला सुरुवात केली. बोळाचा नळ, कोंडीबा नगरसेवकाचं नाव, रंगाचं टाकं. विशेषणं नाहीत, तांबडा खडू नाही. खाली मंडळाचं नाव लिहायच्या जागी त्यांनी स्वतःचं लिहिलं. मान ताठ होती. जे खरं आहे ते आपल्या नावावर सांगितलं, आता होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

सात-आठ माणसं जमली. पुढचा एक जण मोठ्यानं वाचू लागला, शेवटच्या ओळीशी आला आणि अडखळला.

"हितं मंडळाचं नाव न्हाय की."

"मग कुनाचं हाय?"

"कोन महिपती म्हनून."

"असंल भांडन दोगांचं कायतरी. निवडनूक आली की हेच." एकानं पानाची पिंक टाकली. माणसं पांगली.

मास्तर बघतच राहिले. तीन वर्षं हीच माणसं याच हाताची अक्षरं वेदवाक्य समजून वाचत आली होती. आज पहिल्यांदा पुराव्यानिशी लिहिलं, तर थांबायलाही कुणी तयार नाही! त्यांना हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला की खडू आपटावासा वाटला.

"काय म्हनली मानसं?" सिद्धम्मा लांब उभी होती, आणि तिला वाचता येत नव्हतं.

"खाली मंडळाचं नाव नाही म्हणाली. म्हणून खरं मानत नाहीत."

"मग घाला की नाव."

"अध्यक्षांची सही नाही, बाई. ते खोटं होईल."

घागर सिद्धम्मानं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मास्तरांना ती नजर सोसवेना.

त्यांनी फळ्याकडे वळून स्वतःचं नाव पुसलं आणि त्याच जागी लिहिलं, 'नागरिक दक्षता मंडळ, सोलापूर'. खाली नेहमीच्या दोन रेघा ओढल्या.

सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून थांबला. मग आणखी दोघं. पांगलेल्यांतलेही काही परत आले. "आरं, मंडळानं कोंडीबाचं काडलं!" कुणीतरी ओरडलं. "मंडळ लिवतंय म्हंजे खरंच असनार." वाचणारा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला, या वेळी घसा खाकरून.

संध्याकाळपर्यंत आपल्या हातून हा फळा जाणार, हे मास्तरांना कळून चुकलं होतं. पण अजून दुपार व्हायची होती, आणि फळ्याच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती.

"सिद्धम्मा," ते हळूच म्हणाले, "मालकांचंही लिहितो. जे खरं आहे ते. त्यांचं पूर्ण नाव सांगा."

सिद्धम्मानं त्यांच्या हातातल्या खडूकडे पाहिलं.

"नाव तुमीच लिवलंय की एकदा," ती म्हणाली.