पातळ सोलचे बूट

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळेच मास्तर म्हणत. मालक म्हणत, शिकायला येणारे म्हणत, आणि चेष्टेची लहर आली की घरी बायकोही म्हणे. लोकांना गाडी शिकवण्यात मास्तरांची उमर गेली होती. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर उजवा पाय अलगद टेकवायचा आणि शेजारच्याला कितीही घाम फुटला तरी आपण शांत दिसायचं, हे त्यांचं काम. "मास्तरांचा पाय म्हणजे विमा," असं मालक नव्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत.

पण अलीकडे त्या पायाशीच कुठेतरी घोडं पेंड खात होतं. पाय ब्रेकवर आहे की बाजूच्या मॅटवर, हे मास्तरांना खाली वाकून बघावं लागे. आधी कधीतरी, मग वरचेवर, आता रोजच. दोष बुटांचा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. बूट होतेही तसेच दणकट, टाचेखाली वीटभर रबर. त्यातून कुणाला काय कळणार? ही समजूत इतकी सोयीची होती की तिच्यापलीकडे त्यांनी बघितलंच नाही. पलीकडे वडील होते. वडील बस चालवायचे. साखरेच्या आजारात आधी त्यांचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. पुढे पँटचा रिकामा पाय दुमडून ते दिवसभर खिडकीशी बसून असत आणि खालून बस गेली की मान फिरवत. मास्तरांनी तेव्हापासून कधी रक्त तपासून घेतलं नव्हतं. बायको मागे लागली की म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

एका दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे ते बाजारातून चालले होते. बुटांच्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली होती : 'अनवाणी चालल्याचा आनंद देणारे बूट. निम्म्या किमतीत. साठा संपेपर्यंत.' मास्तर तिथेच वळले.

विक्रेती मोठी चटपटीत होती. तिने एक बूट उचलला आणि मोजा गुंडाळावा तसा गुंडाळून दाखवला. "बघा, सोल नावापुरता. टाचेला उंची नाही. बोटं पसरायला पुढे ऐसपैस जागा. जमिनीवरचा खडा न् खडा कळतो."

"गाडीचा ब्रेक कळेल?"

"ब्रेकचं काय घेऊन बसलात! ब्रेकवर मुंगी बसली असेल ना, तीसुद्धा कळेल."

मास्तर हसले. त्यांच्या मापाचा एकच जोड उरला होता. दुकानाच्या कोपऱ्यात एका लाकडी चौकटीत वेडेवाकडे खडे पसरून ठेवले होते, गिऱ्हाइकाने चालून बघावं म्हणून. मास्तरांनी डावा पाय टाकला आणि "आई गं!" म्हणून तो लगेच उचलला. खडा चांगलाच टोचला होता. मग उजवा टाकला. काहीच नाही. गादीवर ठेवावा तसा पाय पडला. त्यांनी खाली बघितलं. पायाखाली चांगला टोकदार खडा होता. त्यांनी त्याच्यावर सगळा भार दिला. तरी काही नाही.

ते घाईने चौकटीबाहेर आले.

"कसं वाटतंय?" विक्रेतीने विचारलं.

"फर्स्ट क्लास."

"दोन्ही पायांना?"

तिने विचारलं सहजच, पण चोराच्या मनात चांदणं. मास्तर एकदम तडकले. "दोन्ही म्हणजे? बूट काय लोक एकेक घेतात का?"

"तसं नाही हो. सवलतीचा माल परत घेत नाही आम्ही, बदलूनही देत नाही. म्हणून विचारलं."

मास्तरांनी घाईघाईने पैसे दिले. नवे आहेत, सरावाने कळायला लागेल, असं पुटपुटत ते बाहेर पडले.

घरी बायकोने बूट दोन बोटांत धरून उलटसुलट केले. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, कुठलीही वस्तू नाकाजवळ नेऊन बघायची तिला सवयच. "हे बूट आहेत की बुटांच्या आतले मोजे?"

"निम्म्या किमतीत मिळाले."

"निम्मेच आहेत, मग किंमत निम्मी का नसेल? पाय दुखतोय का तुमचा, म्हणून घेतलेत?"

"नाही, दुखत काहीच नाही," मास्तर म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच तर भीती होती.

दुसऱ्या दिवशी पहिली शिकवणी फुलवाल्या बाईंची. कोपऱ्यावर त्यांचं फुलांचं दुकान होतं. गाडी चालवणारा भाचा परदेशी गेल्यापासून लग्नसमारंभांची फुलं वेळेवर पोचवायची पंचाईत झाली होती, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या शिकायला आल्या होत्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. परीक्षक शेजारी बसला की त्यांचे हात गार पडत. मास्तर त्यांना बोलवायला दुकानात गेले तेव्हा जमिनीवर कापलेले देठ, पानं आणि गुच्छ बांधायच्या तारेचे तुकडे यांचा खच पडला होता. त्यातूनच वाट काढत दोघं गाडीपाशी आले.

"मास्तर, पाय ब्रेकवर आहे ना?" बाईंनी नेहमीसारखं विचारलं. प्रत्येक वळणावर त्या हेच विचारत.

"आहे हो बाई."

आज हे म्हणताना त्यांची जीभ जड झाली. पाय आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पायाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. सोल पातळ झाला म्हणून तसूभरही फरक पडला नव्हता. एक डोळा रस्त्यावर आणि एक खाली, अशी त्यांची कसरत चालली होती, आणि खाली जास्त वेळ बघावं तर बाईंना शंका येईल हीही धास्ती.

चौकाच्या अलीकडे उतार होता. उभ्या ट्रकच्या आडून लाँड्रीवाला कपड्यांची ढकलगाडी घेऊन एकाएकी रस्त्यात आला. मास्तरांनी जिवाच्या आकांताने पाय दाबला.

गाडी थांबली नाही. लाँड्रीवाल्याचा उघडा पडलेला जबडा, ढकलगाडीवर लटकणारे पांढरे कोट, सगळं काचेवर आल्यासारखं मोठं झालं. मास्तर आणखी जोर लावून दाबत राहिले. मग जोराचा हिसका बसला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. लाँड्रीवाल्याने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कपडे सावरत निघून गेला.

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय मॅटवर होता. ब्रेकच्या शेजारी, सगळी ताकद लावून त्यांनी गाडीची जमीन दाबून धरली होती.

"मी थांबवली!" बाई ओरडल्या. "मास्तर, मी थांबवली! तुम्ही मुद्दाम पाय लावला नाहीत ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतका भरवसा आजवर कुणी माझ्यावर टाकला नव्हता हो."

खरं काय ते सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "हं. आता हळूच कडेला घ्या."

डोकं दुखतंय म्हणून त्यांनी उरलेल्या शिकवण्या रद्द केल्या आणि बराच वेळ नुसतेच चालत राहिले. संध्याकाळी घरी येऊन बूट काढून खुर्चीत बसले, तर बायको दारातूनच म्हणाली, "हे काय सांडलंय?"

दारापासून खुर्चीपर्यंत पावलागणिक एकेक लाल ठसा उमटला होता. तिने खाली बसून त्यांचा उजवा मोजा ओढला. तळव्यावर बोटांच्या मागच्या उंचवट्यात तारेचा तुकडा रुतला होता. पातळ सोल भेदून तार सरळ पायात गेली होती आणि बूट काढताना आतच राहिली होती.

"अहो, ही कधी घुसली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

तिने चिमटा आणला आणि तार हळूहळू ओढून काढली. काढताना ती पायाकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलली नाही. "कधीपासून?" तिने विचारलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. वाकून पाय शोधणं, खडे, उतार, लाँड्रीवाला. शेवटी म्हणाले, "मला खिडकीशी बसायचं नाही गं."

"दिवसभर मी परक्यांच्या डोळ्यांचे नंबर काढते," ती म्हणाली, "आणि घरातला माणूस वाकून स्वतःचा पाय शोधतो, ते मला दिसलं नाही." मग तिचा पारा चढला. "पण तुम्ही त्या बाईंना घेऊन रस्त्यावर गेलात! हे माहीत असताना गेलात!"



सकाळी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, बोटाला टोचून साखर बघितली आणि भुवया उंचावल्या. मग नायलॉनचा एक बारीक दोरा हातात घेऊन म्हणाल्या, "डोळे मिटा. तळव्याला टेकवलं की हो म्हणायचं."

मास्तरांनी डोळे मिटले. सगळं अंग कान करून ते वाट बघत राहिले. "हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

"काका, मी अजून टेकवलेलंच नाही."

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाय जाईल का?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"या जखमेने जाऊ नये. ताजी आहे, वेळेवर आलात. पण गेलेली जाणीव परत येईल असा शब्द मी देणार नाही. साखर ताब्यात ठेवायची. रोज आरसा धरून तळवा बघायचा. जाड सोलचे बूट, आणि घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं. हे पातळ बूट तुमच्यासाठी नाहीत."

"आणि गाडी?"

"गाडी बंद."

मालकांनी आधी ऐकून घेतलं, मग आरडाओरडा केला, मग घटाघटा पाणी प्यायले. "गाडी कुणाच्या अंगावर गेली असती तर माझ्या दुकानाला कुलूप लागलं असतं, मास्तर!" शेवटी म्हणाले, वर्गात खुणा आणि नियम शिकवा, तिथला माणूस तसाही सोडून चाललाय.

फुलवाल्या बाईंकडे जायला मास्तरांना आठवडा लागला. त्या गिऱ्हाइकासाठी देठ कापत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत मास्तर बाजूला उभे राहिले, मग एका दमात म्हणाले, "त्या दिवशी मी भरवसा वगैरे टाकला नव्हता, बाई. माझा पाय चुकला. पायाला काही कळत नाही, आणि ते मला माहीत होतं."

बाईंची कात्री थांबली. "मी दर वळणावर विचारत होते. आणि तुम्ही आहे म्हणत होतात?"

"हो."

"माझा जीव, त्या बिचाऱ्या लाँड्रीवाल्याचा जीव..." त्या बोलत गेल्या, आवाज चढत गेला. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. धाप लागल्यावर बाई थांबल्या. "म्हणजे गाडी खरोखर मीच थांबवली?"

"तुम्हीच. एकट्यांनी."

त्यांची कात्री पुन्हा चालू लागली. "जा आता तुम्ही," त्या म्हणाल्या. पुढच्या परीक्षेत त्या पास झाल्याचं मास्तरांना मालकांकडून कळलं. बाईंनी स्वतः काही कळवलं नाही.

जखम भरायला बरेच दिवस लागले. पट्टी निघाली त्या दुपारी मास्तरांनी धाकट्या भावाला फोन लावला. वडिलांच्या जागी आता तो बस चालवत होता. त्याच डेपोत, त्याच रस्त्यावर. मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडून डेपोतला गोंगाट ऐकू येत होता.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, दादा." भाऊ म्हणाला, "माझी परवा सुट्टी आहे. रक्त तपासायला येशील माझ्याबरोबर? एकट्याने नाही जमायचं मला."

"येतो," मास्तर म्हणाले. "कुठे भेटायचं ते सांग."