वरवंट्याची इम्युनिटी

झाशीच्या सिविल लाइन्समधल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शे-दीडशे माणसं पायजमे आणि साड्या पोटरीपर्यंत वर घेऊन बसली होती. मंचावर प्लास्टिकचा टब. टबात कोमट पाणी, पाण्यात मूठभर ‘सिद्ध लवण’, एक धातूची गुंडाळी, तिला वायर, वायरीला डबा, डब्यावर हिरवा दिवा. पाय बुडवले की दहा मिनिटांत पाणी पिवळं, मग तांबूस, मग चहासारखं. लोक ‘जय हो’ म्हणत आणि आपलंही असंच घाण निघावं म्हणून मनात नवस बोलत. एका पोस्टमास्तराचं पाणी जरा फिकं निघालं तर तो बिचारा हिरमुसून खाली उतरला. स्वतःच्या घाणीचा एवढा अभिमान बाळगणारी सभा मी जन्मात पाहिली नव्हती.

बाबांचं नाव संतुलनबाबा. ते कुणाला हात लावत नसत. लावला तर त्यांची प्रतिरोधक शक्ती समोरच्यात उतरते आणि त्याला ती पेलत नाही, असं त्यांचा माईकवाला सांगे. बाबा फक्त पाणी वाचत.

“ये लिवर का मैल है. ये झाग, ये बुलबुले, ये गुस्सा है. और ये काला-काला, ये अंग्रेज़ी गोलियाँ हैं. इन्होंने शरीर की फ़ौज को सुला दिया है. फ़ौज जगाइए, गोलियाँ फेंकिए.”

हे ऐकायला आमची कांचन पहिल्या रांगेत बसली होती, म्हणून माझं डोकं फिरलं.

कांचन माझ्या शेजारची. दोन वर्षांपूर्वी तिला तिच्या आईची, अनुसूयाबाईंची, किडनी बसवली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या. त्या तिनं शुक्रवारपासून बंद केल्या होत्या. आणि तिला इथं आणणारा कोण, तर तिचा नवरा सुमेध, मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासणारा इंजिनियर. आठवडाभर करंट मोजायचा आणि रविवारी टबापुढे हात जोडायचे. मी झापलं तर मलाच समजावू लागला की काका, हे सायन्सच आहे, मशीनवर दिवा आहे. अडाणी माणूस निदान गप्प तरी बसतो.

दुपारी घरी अनुसूयाबाईंनी लेकीपुढे पदर पसरला. कांचन म्हणाली, “आई, मैं थक गई हूँ. हात थरथरतात, तोंड सुजतं. आरशात बघितलं की वाटतं, ही कोण बाई?”

माझी सून उर्वी शाळेत विज्ञान शिकवते. तिनं आधी कांचनच्या लखनौच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच्या आज आणा, उशीर करू नका. पण कांचन हलेना. मग उर्वीनं मला दोनच गोष्टी विचारल्या. बाबा पेशंटला हात लावतात का? नाही. नुसतं पाणी बघतात? हो. त्यावर ती अनुसूयाबाईंना म्हणाली, “काकू, तुमच्याकडे वरवंटा आहे ना?”

आपल्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला नटवून पाळण्याच्या खालून-वरून देतात. झाशीत तीन पिढ्या राहून आमची मराठी पातळ झाली, पण वरवंटा नटवायला आम्ही विसरलो नाही. अनुसूयाबाईंनी डोळे पुसत त्याला झबलं घातलं, टोपडं बांधलं, काजळाचे दोन डोळे काढले, दुपट्यात गुंडाळला. इतका गोजिरवाणा झाला की मला त्याला खेळवावंसं वाटलं.

संध्याकाळच्या सत्राला कांचन आणि सुमेध पुन्हा पहिल्या रांगेत होते, या वेळी अनुसूयाबाईही. उर्वी ते गाठोडं छातीशी धरून मंचावर गेली.

“क्या तकलीफ़ है बच्चे को?” बाबांनी लांबूनच विचारलं.

“जी, रोता नहीं. हिलता भी नहीं.”

“दूध?”

“छूता तक नहीं.”

बाबांनी गंभीरपणे मान हलवली. टोपड्याखालचे डोळे बघून माईकवाला म्हणाला, बिल्कुल माँ पर गया है. उर्वीनं दुपट्याचं खालचं टोक सोडून बुडाकडची बाजू पाण्यात धरली. हिरवा दिवा लागला. दहा मिनिटांत चहा तयार.

“इतनी-सी जान में इतना मैल,” बाबा हळहळले. “ये टीकों का, वैक्सीन का ज़हर है. फ़ौज सो गई है बच्चे की.”

उर्वीनं टोपडं काढलं आणि काळा दगड सगळ्यांना दिसेल असा वर धरला. “बाबाजी, ये बट्टा है. हम इससे चटनी पीसते हैं. इसे कौन-सा टीका लगा था?”

मला वाटलं, संपला बाबा. पण भक्त बाबापेक्षा चिवट असतात. मागून एक म्हातारा म्हणाला, पत्थर में भी प्राण होते हैं. बाबांनी झेल पकडला, डोळे मिटले आणि म्हणाले, आज पत्थर भी शुद्ध हुआ. तीन बायका उठून वरवंट्याच्या पाया पडायला आल्या. सकाळचा पोस्टमास्तर विचारत होता की याचं पाणी माझ्यापेक्षा गडद कसं.

उर्वी चिडली नाही. तिनं सुमेधला वर बोलावलं. “भैया, तुम्ही इंजिनियर. पाणी बदला, मीठ घाला, आणि या वेळी आत काहीच ठेवू नका.”

माईकवाला वायर ओढायला धावला तर लोकांनीच त्याला अडवलं. त्यांना आता रिकाम्या टबाचाही मैल बघायचा होता. दहा मिनिटं गेली. पाणी पिवळं, तांबूस, चहा. सुमेधनं बटण बंद करून गुंडाळी बाहेर काढली, रुमालानं पुसली आणि रुमालाकडे बघत राहिला.

“लोखंड आहे,” तो माईकशिवायच बोलला. “मिठाच्या पाण्यात करंट सोडला की लोखंड झिजतं. हा गंज आहे. दुसरं काही नाही.” रोज करंट मोजणाऱ्या माणसाला हे कळायला एक दगड लागला.

उर्वी खाली उतरून कांचनच्या शेजारी बसली. “तुझी फौज झोपलेली नाही, कांचन. ती जागीच आहे. तिला आईची किडनी परकी वाटते. गोळ्या तिला धरून ठेवतात. तू तिला मोकळी सोडलीस तर ती पहिला हल्ला कुणावर करेल?”

कांचननं आईकडे बघितलं. अनुसूयाबाईंचा हात नकळत स्वतःच्या कुशीवर गेला होता, जिथून ती किडनी काढली होती तिथं. मग कांचननं हळूच विचारलं, “आता गोळी घेतली तर चालेल?”

उर्वीनं फोन लावून तिच्या हातात दिला. डॉक्टरांनी सांगितलं, राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आताचा डोस घ्या आणि निघा. सुमेधनं गाडी काढली. तपासणीत किडनीला धक्का बसायला सुरुवात झालेली निघाली. नऊ दिवस भरती राहून कांचन सावरली. आणि कळलं काय, तर हात थरथरतात हे कांचननं डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. बाबांना सांगितलं होतं, कारण बाबांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी आता तपासून औषध बदललं. डॉक्टरांनो, तुम्हीही ऐका हे.

संतुलनबाबा सध्या झाशीजवळच्या मोठ गावात आहेत. तिथंही गर्दी आहे, म्हणून लिहितोय.

इम्युनिटी म्हणजे दुधावरची साय नव्हे, जितकी जाड तितकी चांगली. ती कमी पडली तर साधं इन्फेक्शन माणूस नेतं. भलत्या दिशेला सुटली तर स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर उलटते. तिला लागतं ते साधंच आहे: झोप, पोटभर धड जेवण, चालणं, वेळेवर लस, आणि आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी न सोडणं. याला चमत्कार लागत नाही, म्हणून याला गर्दीही होत नाही.

तरी कुणी ‘वाढवून देतो’ म्हणालाच, तर त्याला विचारा: कमी आहे हे मोजलं कशानं? आणि वाढवून ती कुणावर सोडणार? उत्तर देण्याऐवजी तो पाण्याकडे बघू लागला, तर पाय पुसा, चप्पल घाला आणि घरी चालू लागा.