डावीकडे मोकळं

लायनल स्केरिटनं चौतीस वर्षांत अकरा हजार माणसांना नापास केलं होतं आणि त्यातल्या एकाचंही त्याला वाईट वाटलं नव्हतं. गाडी चालवण्याच्या परीक्षेचा तो सरकारी परीक्षक. निवृत्त झाल्यावरही स्पॉल्डिंगच्या बाजारात तो समोरून येताना दिसला की बायका रस्ता ओलांडून पलीकडे जात, आणि ओलांडताना तो बघतोय म्हणून दोन्हीकडे नीट बघत.

असा माणूस बाहत्तराव्या वर्षी पंधरा टनी लष्करी गाडीच्या नाकावर शिकाऊ चालकाची 'एल'ची पाटी सुतळीनं बांधत होता.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, सेड्रिकची. सेड्रिक एकोणऐंशीचा. तरुणपणी नऊ वर्षं जर्मनीत तळावर असताना हेच काम करत होता, सैनिकांना पोटात घेऊन लोखंडी पट्ट्यांवर धावणारी गाडी चालवायची. पुढे सैन्यानं त्या गाड्या मोडीत काढल्या, तेव्हा त्यानं त्यातली एक घेतली, जशी एखाद्यानं म्हातारी घोडी कसायाकडून सोडवून आणावी. तिला कुणी रणगाडा म्हटलेलं त्याला खपत नसे. "तोफ कुठाय तिला? बस आहे ती. खिडक्या नाहीत, एवढंच."

कायद्याची तक्रार नव्हती. गाडीला नंबरप्लेट होती, विमा होता, पट्ट्यांना रबरी ठोकळे बसवले होते, म्हणजे डांबर उखडत नसे. सेड्रिककडे पट्ट्यांच्या गाडीचं वेगळं लायसन्स होतं. गेली अकरा वर्षं उन्हाळ्यात दर रविवारी दोघे भाऊ सहा मैलांवर सॉल्टबीच्या समुद्रबांधावर जात, टपरीवरचे चिप्स व्हिनेगर घालून खात आणि परत येत. सेड्रिक चालवी. लायनल त्याच्या मागच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर उभा राही.

हे उभं राहणं हौसेचं नव्हतं. त्या गाडीत ड्रायव्हर उजव्या कोपऱ्यात, मुंडकं तेवढं बाहेर. डावीकडे इंजिनाचं धूड. त्या बाजूनं अख्खं चर्च चालत आलं असतं तरी ड्रायव्हरला कळलं नसतं. म्हणून डावीकडचे डोळे वर उभ्या असलेल्या माणसाचे. खालच्यानं हेडफोनमधून विचारायचं, "डावीकडे?" वरच्यानं म्हणायचं, "मोकळं." मोकळं म्हटलं की निघायचं. परत विचारायचं नाही, शंका घ्यायची नाही. सैन्यातली रीत. लायनलला ती मनापासून आवडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या शब्दावर लगेच गाडी पुढे घेत होतं.

मग जूनमध्ये सेड्रिकनं टोस्टला लोण्याऐवजी मोहरीचा सॉस फासला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नजरेचा मधला भाग चाललाय, कडा राहतील. ख्रिसमसपर्यंत बरं असेल, पुढचं सांगता येत नाही. सेड्रिकनं त्याच दिवशी लायसन्स पाकिटात घालून सरकारला परत पाठवलं. तिकीट उलटं लावलं होतं, पण पोचलं.

"आता तू चालवायचं," तो लायनलला म्हणाला. "मी वर उभा राहतो. कडा आहेत म्हणतात ना, मला कडाच लागणार. डावीकडची कड."

"मला लायसन्स काढावं लागेल."

"सहा मैल जायचंय, लायनल. रस्त्यावर कोण असतं? शेजारच्या गार्थ ब्लँचर्डच्या मेंढ्या. त्या विचारणार आहेत का तुला लायसन्स?"

"प्रश्न मेंढ्यांचा नाही."

"मग लष्करी गाड्यांच्या क्लबातला एखादा परवानेवाला वर उभा करू, तू शिकाऊ म्हणून चालव. चालतं की नाही कायद्यानं?"

"चालतं. पण वर उभं राहायचं झाकण एकच आहे. तो वर उभा राहिला तर तू कुठे बसशील?"

सेड्रिकनं विचार केला. "मागे. अंधारात. बटाट्याच्या पोत्यासारखा." त्यानं आणखी थोडा विचार केला. "नको. एकदा बांधापर्यंत जाऊन यायचंय मला, वर उभं राहून, आणि खाली तू. परका कुणी नको. ख्रिसमसच्या आत. मग तिला विकून टाक, नाहीतर कोंबड्या ठेव तिच्यात."

लायनल कामाला लागला. जुलै ते सप्टेंबर रोज सकाळी दोन तास गार्थच्या कापणी झालेल्या रानात सराव. रान खासगी, तिथे पाटीची गरज नव्हती, तरी त्यानं पुढे-मागे 'एल'च्या पाट्या बांधल्या. शेताच्या टोकाला वळताना, मैलभर चिटपाखरू नसताना, तो इंडिकेटर देई. सेड्रिक वर उभा राहून ओरडे, "कुणाला दाखवतोस? कावळ्यांना?"

"सवय मोडायला नको."

"बेरिललाही असंच छळलंस तू."

बेरिल म्हणजे सेड्रिकची बायको, आता नाही. लग्नाआधी लायनलनं तिला चार वेळा नापास केलं होतं. चौथ्यांदा नापास झाल्यावर ती जाब विचारायला घरी आली तेव्हा दार सेड्रिकनं उघडलं. लग्नात लायनलला अगदी शेवटच्या टेबलावर, फोटोग्राफरच्या शेजारी बसवलं होतं. त्याचंही त्याला वाईट वाटलं नव्हतं. परीक्षेत तिनं आरशात बघितलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी त्यानं परीक्षेची तारीख मागायला फोन केला. पलीकडे एक शांत बाई होती.

"वाहन कुठलं?"

"चिलखती सैनिकवाहक. लोखंडी पट्ट्यांचं."

"ड्रायव्हरला सगळीकडचं दिसतं का त्यातून?"

"डावीकडे माझा भाऊ बघतो."

"भाऊही परीक्षेला बसलेत का?"

"नाही."

"मग ते वाहन चालणार नाही. बघायला दुसरा माणूस लागतो असं वाहन या परीक्षेला चालत नाही. नियमात उदाहरणही दिलंय. लष्करी वाहन, असं."

"म्हणजे लष्करी वाहन चालवायचं लायसन्स लष्करी वाहनात मिळत नाही."

"नाही मिळत."

"आणि दुसऱ्या कशात तरी ते मिळवलं, की मग लष्करी वाहन चालवता येतं."

"हो, मग काहीच अडचण नाही. आणखी काही मदत हवीये का आपल्याला?"

हा नियम लायनलच्याच कपाटात होता. पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, चौतीस वर्षं उशाला घेतलेलं. पट्ट्यांच्या गाड्यांचं पान त्यानं कधी उलटलंच नव्हतं, कारण तो मोटारींचा परीक्षक, आणि बाकीचे नियम असणार तरी काय वेगळे. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यानं त्याला पहिल्याच वळणावर नापास केलं असतं. त्यानं ते पान वाचलं, पुस्तक परत कपाटात ठेवलं आणि संध्याकाळचा चहा घेतला नाही.

आता पट्ट्यांवर चालणारी, चहूबाजूंनी दिसणारी आणि ताशी वीस मैल तरी पळणारी गाडी हवी होती. कालवे उपसणाऱ्या डेव्हिडकडे खोदयंत्र होतं. ते पळवून दाखव म्हटल्यावर त्यानं पळवलं, आणि त्याच्या बाजूनं डेव्हिडची सासू चालत पुढे निघून गेली. शेवटी गार्थकडे रबरी पट्ट्यांचा नवा ट्रॅक्टर निघाला. काचेची केबिन, चारही बाजू लख्ख.

"दिला तुला," गार्थ म्हणाला. "पण बीट संपू दे."

"बीट कधी संपतं?"

"साखरेची फॅक्टरी फेब्रुवारीअखेर बंद होते. तोवर तो ट्रॅक्टर माझ्या बायकोलाही मिळणार नाही, लायनल. तिनं मागितला नाहीये, तरीपण."

ख्रिसमस आला. सेड्रिकनं टर्कीवर कस्टर्ड ओतलं आणि चांगलं लागतंय म्हणाला. जानेवारीत त्यानं कोट टांगायच्या खुंटीला "बस की" म्हटलं, आणि ती बसली नाही म्हणून दुपारभर खट्टू राहिला. लायनल रोज विचारी, "कडा आहेत ना?" सेड्रिक म्हणे, "आहेत, आहेत. मध्ये नाहीये काही, पण मध्ये होतं तरी काय बघण्यासारखं? तूच असायचास."

मार्चच्या तीन तारखेला परीक्षा झाली. परीक्षक मिस रोबक, चाळिशीची. वीस वर्षांपूर्वी लायनलनंच तिला पहिल्या खेपेला नापास केलं होतं. तिनं त्याला पास केलं, किरकोळ चुका तीन.

"चार," लायनल म्हणाला.

"तीनच आहेत, मिस्टर स्केरिट."

"पेट्रोलपंपापाशी मी आरशात उशिरा बघितलं."

"माझ्या लक्षात नाही आलं."

"तेच म्हणतोय मी." तिनं चौथी मांडली तेव्हाच तो ट्रॅक्टरातून उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. सेड्रिकनं जुना लष्करी कोट घातला, बटणं एकेक घर चुकलेली. गाडीपाशी आल्यावर लायनल थांबला.

"आधी नंबरप्लेट वाच," तो म्हणाला. "वीस मीटरवरून. माझ्या गाडीची, ती तिथे उभी आहे."

सेड्रिकनं छाती पुढे काढून नंबर म्हटला. सहा अक्षरं-आकडे, सगळे बरोबर.

"तू म्हणालास तो माझ्या जुन्या गाडीचा नंबर आहे," लायनल म्हणाला. "ही मी गेल्या आठवड्यात घेतली."

हे खोटं होतं. लायनलकडे तेवीस वर्षं एकच गाडी होती. चौतीस वर्षांत त्यानं परीक्षार्थीशी कधी असली चलाखी केली नव्हती, आणि केल्या केल्या त्याला ती नकोशी झाली, कारण सेड्रिकचा चेहरा पडला. तो वाद घालू शकला असता. नंबर बरोबर होता. पण समोर कुठली गाडी आहे हेच त्याला दिसत नव्हतं.

"चढ वर," लायनल म्हणाला.

सेड्रिक चढला. हातांना सगळं पाठ होतं, लायनलपेक्षा लवकर चढला. इंजिन सुरू झालं, कोंबड्या पांगल्या, लोखंड थरथरायला लागलं. गाडी अंगणातून हळूहळू फाटकापर्यंत आली. पुढे मोठा रस्ता, काठानं कालवा. रस्ता सरळ आणि सपाट, म्हणून त्यावरून कोबीच्या लॉऱ्या ताशी साठनं येतात.

"डावीकडे?" लायनलनं विचारलं.

"मोकळं."

आवाज तोच होता, जर्मनीतला, खणखणीत. लायनलनं पाय ब्रेकवरून उचलला नाही. डावीकडून लॉरी आली आणि त्यांच्या नाकासमोरून निघून गेली. वाऱ्यानं 'एल'ची पाटी फडफडली. लायसन्स मिळालं तरी ती सोडायची राहिली होती.

"ही एक सोडून," सेड्रिक म्हणाला.

लायनलनं हातब्रेक ओढला, झाकणातून बाहेर पडला, इंजिनाच्या टपावरून उतरला, रस्त्याच्या कडेला जाऊन डावीकडे बघितलं. मोकळं होतं. तो परत चढला, आत उतरला, हेडफोन लावला. चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांपूर्वीचा रस्ता पाहून त्यावर पंधरा टन कसे न्यायचे, हे पिवळ्या पुस्तकात नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं.

"मोकळं," सेड्रिक म्हणाला.

तो पुन्हा उतरला. या वेळी व्हॅन येत होती. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा गुडघा धरला.

"कुठे जातोस सारखा?" सेड्रिकनं हेडफोनमध्ये विचारलं. "अर्ध्या वेळी मी एकटाच बोलतोय."

"दिसतंय का तुला, सेड्रिक?"

"या धडधडीत काही ऐकूच येत नाही," सेड्रिक म्हणाला. "आलं असतं तर सांगितलं असतं."

"मोकळं का म्हणतोस मग?"

"विचारतोस म्हणून. मोकळं म्हटलं की निघायचं असतं, लायनल. तू कधी चुकीचं सांगतोयस का, असं मी विचारलं होतं तुला? अकरा वर्षं?"

लायनलनं गिअरवर हात ठेवला. सहा मैल. बांधावर टपरी उघडलेली असेल, वारा असेल. निघालो तर दहातल्या नऊ वेळा काही होणार नाही. त्यानं माणसं त्या दहाव्यासाठी नापास केली होती, बेरिलसकट. त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं की कालव्यातली बदकं ऐकू आली. लायनल वर बघत नव्हता. सेड्रिक झाकणात उभाच होता, तोंड डावीकडे, चुकलेली बटणं, हात कठड्यावर.

"लॉरी," तो थोड्या वेळानं म्हणाला. "लांब आहे अजून." लॉरी आली आणि गेली.

"मोटार. लहान." मोटार गेली.

"सायकल. बाईमाणूस, चेनला तेल नाही." मिसेस ब्लँचर्ड सायकलवरून गेल्या आणि त्यांनी हात केला.

"आता मोकळं," सेड्रिक म्हणाला.

लायनलनं मान लांबवून जमेल तेवढं बघितलं. खरोखर मोकळं होतं. त्यानं किल्लीला हात लावला, आणि परत काढून घेतला.

जेवणाच्या वेळेपर्यंत ते तिथेच होते. इंजिन बंद असताना सेड्रिकचं एकदाही चुकलं नाही.