मागच्या चाकांचे दहा नट

चाकाचा नट शेवटचा कसला, तो पुरता आवळल्याची खूण म्हणून टॉर्क पान्यानं 'कट्' असा आवाज दिला, की त्या नटावर पिवळ्या ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा. ठिपका नाही तर नट कसलेला नाही. माझ्या गॅरेजचा हा नियम आहे आणि तो ज्याला पटत नाही त्यानं आपली गाडी दुसरीकडं न्यावी, पांढुर्ण्यात मिस्त्री काय कमी आहेत! तीस वर्षांत माझ्या हातचं चाक कुठं निघालेलं नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय, की माझं गजेंद्र हे नाव मागं पडलं आणि लोक मला ठिपकेवाला मिस्त्री म्हणू लागले.

तिगावच्या ज्या उस्तादानं मला हा ठिपका शिकवला, त्यानं आणखी एक गोष्ट शिकवली होती. अर्ध्यातून उठलास, तर परत आल्यावर पहिल्या नटापासून सुरू करायचं. ही गोष्ट मी कुणाला ऐकवत नसे, कारण ती मला वेळखाऊ वाटायची.

माझा जावई रोशन सौंसरला भाड्याची गाडी चालवतो. उन्हाळ्यात रामाकोन्याच्या पुढं घाट उतरताना त्याचे ब्रेक तापले आणि पायडल खाली जाऊन बसलं. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घासत कशीबशी थांबवली. त्या दिवशी माझी मुलगी तृप्ती आणि सात वर्षांची नात उर्वशी गाडीत होत्या. तृप्तीनं मला फोन करून एकच सांगितलं, "बाबा, मोठे ब्रेक लावून द्या, नाही तं मी त्या गाडीत पाय ठेवत नाही."

मोठे ब्रेक लावून द्या म्हणणं सोपं आहे. त्याच्या गाडीची चाकं चार बोल्टांची आणि मोठे ब्रेक येतात पाच बोल्टांच्या हबवर. म्हणजे हब बदला, डिस्क बदला, कॅलिपर बदला आणि मग चारही चाकं बदला, कारण जुनी चाकं नव्या हबवर बसत नाहीत. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा सगळा संच मी नागपूरच्या भंगार बाजारातून निवडून आणला, बेअरिंग नव्या टाकल्या आणि तीन दिवस खपलो. दुसऱ्याची गाडी असती तर नाही म्हणालो असतो. लेकीचं म्हणून केलं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाची मला घमेंडही होती.

रविवारी सकाळी चारही चाकं चढवली, नट हातानं लावले, गाडी जॅकवरून खाली घेतली. पुढच्या दोन चाकांचे दहा नट टॉर्क पान्यानं कसले, ठिपके दिले. मागच्या चाकाकडं वळतो न वळतो तोच संत्र्याचा एक ट्रक नेमका माझ्या फाटकात आडवा होऊन बंद पडला. ड्रायव्हर वर मलाच म्हणतो, फाटक इथं काहून केलं! मग काय, मी पाना ठेवला आणि त्याच्याशी भांडायला गेलो. भांडण अर्धा तास चाललं, ट्रक पाच मिनिटांत सुरू झाला.

परत आलो तर बायकोनं, पंचफुलानं, गाडीची पूजा उरकली होती. चाकांखाली लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, फोडलेला नारळ. तृप्ती आणि उर्वशी गाडीत बसल्या होत्या, रोशन हात जोडून उभा होता. त्याच्या बहिणीकडं छिंदवाड्याला जेवायला जायचं होतं आणि तो सारखा घड्याळ पाहत होता. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. विसाच्या वीस नटांवर पिवळं दिसलं. डोक्यात अजून तो ट्रकवालाच होता. मी चाकांखालची लिंबं सरळ केली आणि म्हणालो, "निघा. येताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरजा."

त्यांना जाऊन तास झाला असेल. मी जेवायला बसलो होतो. पंचफुला भाकरी वाढता वाढता खुशीत म्हणाली, "तुमी पुढच्याच चाकांले पिवळं लावलं होतं जी. मागचे दहा तसेच होते. जवायाची गाडी, अर्धी कशी ठेवावं? म्हणून मीच हळद कालवून लावली. अगदी तुमच्यासारखा ठिपका."

मी ताटावरून उठलो आणि तिला जे बोललो ते इथं लिहिणार नाही. तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिनं माझा फोन आणून हातात दिला.

रोशनला फोन लावला. तो गाडी चालवताना फोन घेत नाही, मीच त्याला तसं बजावलंय. तृप्तीच्या फोनवर घंटी वाजली आणि कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. तो फोन उर्वशीच्या हातात असणार. कार्टून बघताना कुणाचा फोन आला की ती पोरगी कापते. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी सौंसरच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबवून थांबवून मी फोन लावत होतो आणि तिनं कापला की जीव भांड्यात पडत होता. कापला म्हणजे पोरगी धड आहे.

मोहगाव मागं पडलं तेव्हा फोन लागणंच बंद झालं. पाठीला बांधलेला टॉर्क पाना मणक्याला टोचत होता. मी भित्रा माणूस नाही. पण सौंसर ओलांडल्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघत होतो, की याला पुढं काही पडलेलं दिसलं का.

रामाकोन्याच्या अलीकडं, एका पंक्चरच्या दुकानासमोर गाडी उभी होती. चारही चाकांवर. तृप्ती उर्वशीला घेऊन लांब, झाडाखाली उभी होती. रोशन मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. त्या चाकाचे दोन नट कुठंतरी रस्त्यात पडले होते आणि उरलेले तीन बोटांनी फिरत होते. घाट तिथून फार लांब नव्हता.

मला पाहून रोशन उठला नाही. मी मोटारसायकल स्टँडला लावायच्या आधीच बोललो, "तुह्या सासूनं घोळ केला रे. ते पिवळं माझं नाही, हळद हाये तिची."

त्यानं नटावर अंगठा फिरवला, अंगठ्याकडं पाहिलं आणि पँटला पुसला.

"मामाजी, मोहगावच्या फाट्यावरच खडखड आयकू आली होती," तो म्हणाला. "म्या उतरून पाहिलं बी. पाना काढूनच राहिलो होतो. मंग पिवळं दिसलं. म्हटलं, मामाजीनं कसले हायेत, आपण काय पाहाचं? नवे ब्रेक हायेत, त्याचा आवाज असन. अन् पुढं निघालो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो, तेवढं मला येतं.

पुढच्या दोन चाकांचा एकेक नट काढून मी डाव्या चाकाला लावला. मागचे दहाही टॉर्क पान्यानं कसले, मग पुढचे आठ पुन्हा. दहा वेळा 'कट्' वाजलं, मग आठ वेळा. "घाट चढू नका," मी म्हणालो. "घरी जा सौंसरले, हळू जा. उद्या दोन नट घेऊन येतो." सौंसरकडं जाणारी बस येताना दिसली. तृप्तीनं हात केला. मला म्हणाली, "येते बाबा," आणि उर्वशीला घेऊन बसमध्ये चढली. गाडीकडं तिनं पाहिलं नाही. खिडकीतून उर्वशी मला टाटा करत होती.

मी खिशातून पेंटची बाटली काढली. मागच्या नटांवरची हळद फडक्यानं पुसली आणि पहिल्या नटावर ब्रश टेकवणार, तेवढ्यात रोशननं माझ्या दुसऱ्या हातातला पाना धरला. "द्या जी इकडं," तो म्हणाला. ओढला नाही, नुसता धरून राहिला. मी सोडला.

त्यानं मागच्या डाव्या चाकाच्या पहिल्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. कट्. दुसऱ्याला लावला. कट्. मी आत्ताच कसलेले नट माझा जावई माझ्यासमोर, माझ्याच पान्यानं तपासत होता. तीस वर्षांत माझ्या कामामागं कुणी पाना फिरवला नव्हता.

माझा फोन वाजला. पंचफुला होती, रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भेटले का जी?"

"भेटले. सारे धड हायेत."

"माह्याच हळदीनं झालं ना जी? मी कशाले हात लावला त्या चाकांले?"

रोशन ऐकत होता, त्याचा हात पान्यावर थांबला होता. मला लाज वाटली, आणि ती सोपी लाज नव्हती.

"तुह्यानं नाही झालं," मी मोठ्यानं म्हणालो. "म्या अर्ध्यातून उठलो अन् आल्यावर पाना लावला नाही. हळद असो का पेंट असो, पाना मले लावाचा होता. माह्यानं झालं."

रोशननं पुढच्या नटाला पाना लावला. पाचवा नट झाला तसा तो उठला आणि दुसऱ्या चाकापाशी जाऊन बसला. मी बाटलीचं झाकण लावलं आणि त्याचं होईपर्यंत उभा राहिलो.