मागच्या चाकाचा ठोकळा

“इथे सही,” वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. जावयाने लगेच पेन उचललं.

“थांबा, जावईबापू.”

सासऱ्यांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. घाई त्यांना खटकायची. ही जरा जास्तच खटकली. चहात साखर जास्त पडली तरी चूक साखरेची म्हणणारा हा माणूस, आणि आज आपणहून गुन्हा कबूल करतोय? शेजारी लेक मान खाली घालून पर्सची चेन उघडमीट करत होती.

“किरकोळच गुन्हा ना हा?” जावयाने विचारलं. “दंड भरला की सुटलो?”

“नुसते पिऊन चालवताना सापडला असतात, तर कदाचित,” वकीलबाई म्हणाल्या. “पण गाडी चढावर मागे घसरली आणि पोस्टमनचा पाय मोडला. तो गुन्हा वेगळा, त्याच्या भरपाईचा दावा वेगळा. तुरुंगही होऊ शकतो.”

“होऊ दे. प्यालो होतो, मीच चालवत होतो.”

“हे तिसऱ्यांदा सांगताय,” सासरे म्हणाले. “कोणी विचारलेलं नसताना.”

“बाबा, तुम्हाला मी लग्नाच्या दिवसापासून चोर वाटतो.”

“चोर नाही. चोर इतक्या लवकर कबुली देत नाही.”

त्यांनी चष्मा पुसला आणि पोलिसांनी काढलेले फोटो एकेक करून पाहिले. चढाचा रस्ता. विखुरलेली पत्रं. गाडीचं मागचं चाक. तिथे त्यांचा हात थांबला.

चाकामागे लाकडी ठोकळा होता. पाचरीसारखा तासलेला, कडेला निळा रंग.

गाडी थांबली की हँडब्रेक, गिअर, आणि चढ असेल तर ठोकळा. त्यांच्या वर्गात हे पाठ झाल्याशिवाय कोणी परीक्षेला जात नसे. जावई दुसरीकडे शिकलेला. ‘बाबांची बैलगाडी’ म्हणून तो या ठोकळ्याला हसायचा. लेक मात्र त्यांच्याच हाताखाली शिकत होती, पण तिला त्यांनी दोनदा लायसन्सच्या परीक्षेला बसू दिलं नव्हतं. चढावर गाडी उचलताना तिचा क्लच अजून सुटत होता.

त्यांनी फोटो पालथा ठेवला. गप्प बसलं तर लेक सुटत होती. सही तर होणारच होती.

मग त्यांनी फोटो पुन्हा सुलटा केला.

“हा ठोकळा कोणी लावला, बापू?”

“मीच.” जावयाने फोटोकडे पाहिलंही नाही. “गाडी आणखी घसरून त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून.”

“बरोबर. आणि काढलात कुठून?”

“कुठून म्हणजे? डिकीतून.”

सासरे फोटो त्याच्यासमोर सरकवून थांबले. वर्गात चुकलेल्या मुलाला ते असाच वेळ द्यायचे. भिंतीवरचा पंखा एकदा इकडे वळला, एकदा तिकडे. चेनचा आवाज थांबला होता.

“सीटखाली असतो,” लेक म्हणाली. “ड्रायव्हरच्या.”

“अगं, तू गप्प बस ना!” जावई ओरडला. मग त्याचाच आवाज खाली आला. “मी प्यालो होतो म्हणूनच ती बसली स्टीअरिंगवर. माझ्यामुळेच झालं ना सगळं.”

“शाब्बास,” सासरे लेकीला म्हणाले. तीस वर्षांची सवय. बरोबर उत्तर आलं की तोंडातून जायचंच. मग त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुन्हा पुसायला घेतला.

वकीलबाईंनी सहीचा कागद ओढून घेतला, दुमडला आणि कोरा कागद समोर ठेवला.

“बोल,” त्या लेकीला म्हणाल्या. “गाडीत बसल्यापासून सांग.”