रुळावर टांगलेलं हरीण

गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकलं तेव्हा लॉटी स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. आवाज ऐकला आणि तिची सुरी थांबली. आधी मोटरची रोजची घरघर, मग डाव्या अंगाने खरखर, मग कट्ट, आणि त्यानंतर काहीच नाही. हे काहीच नाही तिला अजिबात आवडलं नाही. दारं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याबरोबर तिने चाळीस वर्षं संसार केला होता. दार तेलासाठी कुरकुरतंय की थंडीने आखडलंय, हे तिला उशीवरून डोकं न उचलता कळायचं. हा आवाज त्यातला नव्हता. हा तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता.

तिने शेगडी बंद केली, नॉर्बर्टचा जुना कोट खांद्यावर टाकला आणि मधल्या दारातून गॅरेजात गेली.

लॉटी शाळेत सहावीपर्यंत गेली होती, आणि ती सहावीसुद्धा अर्धी बटाटे काढण्यात गेली. पण तिच्यासमोर तोंड उघडायचं तर चर्चचे फादरही आधी मनात वाक्य जुळवून घ्यायचे. तिच्या घराला, तिच्या नवऱ्याला, तिच्या पोरांना कुणी नाव ठेवलं तर त्या माणसाचं पुढे काय व्हायचं ते गावाने पाहिलं होतं. नॉर्बर्टला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी जिल्ह्यात त्याच्यासारखा दारवाला झाला नाही हे ती किराणा दुकानाच्या रांगेतही सांगायची, कुणी विचारलं नसलं तरी.

गॅरेजात जावई होता, एलियट. मुलीचा, रीटाचा नवरा, आणि तो शेजारच्या इलिनॉय राज्यातला. विस्कॉन्सिनमधल्या त्या घरात इलिनॉयचं असणं हे कुबड असल्यासारखंच होतं, कुणी वाईट बोलायचं नाही, पण विसरायचंही नाही. माणूस सालस. गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आठवडाभर पोरांना पियानो शिकवायचा. नऊ वर्षं दर नोव्हेंबरात मेहुण्यांबरोबर केशरी जाकीट घालून हरणांच्या शिकारीला रानात जायचा आणि नुसतं लाल झालेलं नाक घेऊन परत यायचा. रोमन आणि डेनिस, लॉटीचे दोघे मुलगे, त्याला म्हणायचे की हरणं याच्या झाडाखाली दुपारी झोपायला येतात.

काल, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, एलियटने हरीण मारलं. आठ टोकांच्या शिंगांचा नर. मेहुणे पार पलीकडच्या रानात होते, म्हणून त्याने एकट्याने ते ओढत आणलं आणि एकट्यानेच गॅरेजात टांगलं. आज दुपारी दोन वाजता मुलगे जेवायला येणार होते आणि ते हरीण बघणार होते. सकाळी चर्चच्या प्रार्थनेला एलियटने ऑर्गन असा काही वाजवला की म्हाताऱ्या माना वळवून बघत होत्या.

आणि आता साडेबारा वाजता ते हरीण गॅरेजच्या मधोमध प्लास्टिकवर आडवं पडलं होतं. दार तिरपं लटकत होतं, उजवी बाजू छातीइतकी वर, डावी गुडघ्याशी. त्या डाव्या कोपऱ्याखाली एलियट पाना घेऊन बसला होता.

लॉटीचा आवाज चढला की घरात कुणी घाबरत नसे. तो खाली उतरला की घाबरत.

"एलियट," ती हळू म्हणाली, "दाराला हात न लावता तिथून बाहेर ये. माझ्याकडे."

तो आला, पण पाना हातातच होता. एक चाक रुळातून सुटलंय, पाच मिनिटांचं काम आहे, असं तो सांगू लागला. फोनवर त्याने एका माणसाला करताना बघितलं होतं. खालच्या कोपऱ्यातले ते दोन लाल बोल्ट सैल केले की तारेचा दोर मोकळा होतो, मग चाक बसवायचं. लॉटीने विचारलं की त्या फोनमधल्या माणसाने त्यानंतर उरलेल्या एका हाताने टाळी वाजवून दाखवली का. एलियटला हसावं की नाही ते कळेना.

"हात खिशात घाल," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही. नॉर्बर्ट गिऱ्हाइकाकडे गेला की आधी हात खिशात घालायचा. हात बाहेर असले की ते डोळ्यांच्या आधी धावतात म्हणायचा. घाल."

त्याने पाना काखेत धरून हात खिशात घातले. लॉटीने तेवढं चालवून घेतलं.

आधी तिने खुर्चीवर चढून मोटरची वायर भिंतीतून काढली. नाहीतर रस्त्यावरून रीटा आली, सवयीने गाडीतून बटण दाबलं, की हे धूड वेड्यासारखं ओढाताण करणार. मोटरच्या खाली लाल दांडीची दोरी लोंबत होती, ती ओढली की दार मोटरपासून सुटतं. एलियटचा हात खिशातून निघून तिकडे जायला लागला. लॉटीने त्याच्या मनगटावर चापट मारली. दार बंद असेल तर ओढ, ती म्हणाली. अर्ध्यावर तिरकं लटकलेलं दार त्या मोटरने धरून ठेवलंय की आणखी कशाने ते कुणाला ठाऊक. सोडलं आणि ते धाडकन आलं तर खाली जो असेल त्याला कुणी विचारायला येत नाही.

मग दोघं मागे भिंतीशी उभी राहिली आणि नुसतं बघू लागली. उंबऱ्याजवळचे दोन छोटे दिवे, ज्यांच्यामध्ये मांजर आलं तरी दार थांबतं, ते मघाशी दोन्ही जळत होते, एलियटनेच सांगितलं. म्हणजे दोष त्यांचा नाही. मोटर ओढत होती, म्हणजे मोटरही बरी. दाराच्या वर आडवी स्प्रिंग होती. लॉटीने मान वर करून तिचं एकेक वेटोळं पाहिलं, कुठे फट दिसते का ते. स्प्रिंग तुटली की मध्ये बोटभर फट पडते आणि आवाज बंदुकीसारखा येतो. फट नव्हती.

"स्प्रिंग धड आहे, म्हणजे बरंच की," एलियट म्हणाला.

"धड आहे म्हणूनच वाईट. या दाराचं सगळं वजन तिच्या पिळात भरलंय. आणि तू जे लाल बोल्ट काढायला बसला होतास ना, ते म्हणजे तारेच्या दोराने तिलाच जोडलेलं दुसरं टोक. लाल रंग काय शोभेला दिलाय?"

डावीकडचा तारेचा दोर ढिला पडला होता. वरचं चाक रुळाबाहेर आलं होतं. आणि रूळ, जो दारापासून मागे छताखालून जातो, तो मागच्या टोकाला खाली वाकला होता, त्याला छताशी धरणारी लोखंडी पट्टी पिळवटली होती. लॉटी त्याच्या खाली जाऊन उभी राहिली. रुळाच्या कडेला दोरखंडाने घासलेली नवी चकचकीत खूण होती. तिथेच चार-पाच राखाडी केस चिकटले होते.

"रूळ कशाने वाकला?" तिने विचारलं.

"जुना झाला असेल, मा." असं म्हणताना त्याने हरणाकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे.

लॉटीने वर छताच्या तुळईकडे पाहिलं. तिथे नॉर्बर्टने ठोकलेली जाडजूड कडी होती, हरणासाठीच. तिच्यापुढे नाताळच्या दिव्यांची खोकी आणि रोमनची होडी रचलेली होती. जावयाने ती हलवायचा कंटाळा केला होता. रूळ लोखंडाचा, एवढं दार वाहतो, एक हरीण काय जड, असा त्याचा हिशेब. या गावात दर वर्षी एखादा तरी असा निघायचा, आणि मग पुढची वीस वर्षं त्याला बिअरच्या प्रत्येक ग्लासाबरोबर ते ऐकावं लागायचं.

एरवी लॉटीने त्याला तिथेच सोलून काढलं असतं. तोंडाशी चांगली तीन वाक्यं आली होती, एकाहून एक सरस. पण एलियटने घड्याळाकडे पाहिलं आणि काखेतला पाना परत हातात घेतला.

"मा, तुम्ही आत जा. ते दोघं दोनला येतील. मी बेताने करतो."

आणि तो खरोखरच दाराकडे निघाला. नऊ वर्षं ऐकलेलं सगळं त्याच्या पाठीत ताठ झालेलं तिला दिसलं. त्यातलं निम्मं तिनेच ऐकवलेलं होतं. ओरडून हा थांबणार नव्हता.

"नॉर्बर्टची दोन बोटं कुठे गेली, माहिती आहे तुला?"

एलियट वळला. हे तर सगळ्या गावाला माहीत होतं. बेकरीवाल्याच्या गॅरेजात, जुन्या दाराची स्प्रिंग सुटली तेव्हा.

"ते मी सांगितलेलं," लॉटी म्हणाली. "दवाखान्याच्या पडवीत उभ्या उभ्या रचलं मी ते. बोटं इथे गेली. तू उभा आहेस तिथे."

एलियटने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

"चौऱ्याहत्तर साल. त्यानेही हरीण रुळाला टांगलं होतं. लोकांना रोज सांगायचा, रुळाला सायकलसुद्धा अडकवू नका. आणि स्वतः घरी येऊन... दमला होता, दुसरं काय. सकाळी दार असंच तिरकं. दुपारी त्याचे भाऊ यायचे होते, ते यायच्या आत सरळ करायचं म्हणून बसला. तो बोल्ट पुरता अर्धासुद्धा फिरला नव्हता. मी आत कोबीच चिरत होते."

एलियट दारापासून मागे सरला आणि कोपऱ्यातल्या फ्रीझरला टेकला.

"पोरांना माहीत नाही?"

"कुणालाच नाही. दारवाल्याची बोटं दुसऱ्याच्या दारात गेली तर ते काम असतं. स्वतःच्या दारात, स्वतःच्या हरणापायी गेली तर तो विनोद होतो. माझ्या नवऱ्यावर मी कुणाला हसू देणार नव्हते." तिने नाक ओढलं. थंडी होतीच. "तुझ्या दहा बोटांवर रविवारी अख्खं गाव गातं. ठेव तो पाना."

ऑर्गनबद्दल लॉटीने आजवर एकच मत दिलं होतं, जरा हळू वाजव. एलियटने पाना फ्रीझरवर ठेवला, आवाज न करता.

मग तिने भिंतीवरून नॉर्बर्टच्या दोन आवळपकडी काढल्या, ज्या एकदा दाबल्या की चावून धरतात. बाजूने उभं राहून, दाराखाली पाऊल न टाकता, दोन्हीकडच्या उभ्या रुळांवर सर्वांत खालच्या चाकाच्या बरोबर खाली त्या आवळून लावल्या. आता दार खाली यायला निघालं तरी चाक तिथे अडेल. पुढे एक खुर्ची आडवी ठेवली, कुणी सवयीने वाकून आत येऊ नये म्हणून. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो हरणाची वाट बघत झाडावर बसला होता आणि कुजबुजत बोलत होता. हरणांच्या मोसमात रविवारी दुपारी जमिनीवर असलेला दारवाला त्या जिल्ह्यात मिळणं कठीणच. उद्या सकाळी सातला येतो म्हणाला, आणि तोवर काही हलवू नका.

दोनला पाच मिनिटं असताना मुलगे आले. रोमन मोठा, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. त्याने बाहेरूनच तिरकं दार पाहिलं, घरातून गॅरेजात आला आणि हरणाकडे न बघता आधी भिंतीकडेला उभ्या असलेल्या लॉटीच्या गाडीचं नाक बघू लागला. गेल्या महिन्यात तिने गाडीने टपालपेटी पाडली होती. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून घ्यावी का, हे तो येता-जाता नजरेने मोजायचा.

"मा," तो जरा मऊ आवाजात म्हणाला, आणि त्या मऊपणानेच तिचं डोकं फिरलं, "तू दाराला धडकलीस का? खरं सांग, कुणी रागवत नाहीये."

लॉटीने एलियटकडे पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. जाऊ दे, तिने मनात म्हटलं. किल्लीचं बघून घेईन, रोमनला मी जन्म दिलाय, त्याने मला नाही. तिने होकारासाठी श्वास घेतला.

"मी केलं," एलियट म्हणाला. "हरीण रुळाला टांगलं काल. रात्रीत वाकला."

मग रोमन फ्रीझरवर हात टेकून हसायला लागला, डेनिस तर खोकीवर बसलाच. रुळाला. कडी डोक्यावर असताना रुळाला. रोमनने डोळे पुसले, परत हसला.

"आपल्या बापाच्या गॅरेजात. थडग्यात कूस बदलली असेल त्यांनी. त्यांना हे सांगितलं असतं ना, तर त्यांचा विश्वास बसला नसता की माणूस असं करतो."

लॉटीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एका वाक्यात हे हसणं बंद करता आलं असतं, आणि ते वाक्य तासाभरापूर्वी तिनेच त्याच्या हातात दिलं होतं. इतकी वर्षं ज्या कुलपाला तिने कुणाचं बोट लागू दिलं नाही, त्याची किल्ली आता या इलिनॉयवाल्याकडे होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर ती मागणी झाली असती.

एलियटने दोन्ही हात खिशात घातले.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी असं कधीच केलं नसतं."

रोमन म्हणाला, तेच तर सांगतोय मी.

मुलांनी होडी हलवली, खोकी हलवली, तिघांनी मिळून हरीण उचललं आणि कडीला टांगलं. शिंगं मोजताना डेनिस हसायचा थांबला. आठ टोकं, आणि तीही काय रुंद. रोमनने स्वतःची चार टोकं ट्रकमध्येच राहू दिली.

एलियटने कालच काढून ठेवलेला पाठीच्या आतला मऊ मांसाचा तुकडा लॉटीने लोण्यात कांद्याबरोबर परतला. त्या घरात मोसमातलं पहिलं ताट नॉर्बर्टचं असायचं आणि त्याच्यामागून रोमनचं. रोमनने नेहमीसारखा हात पुढे केला. लॉटीने ताट त्याच्या नाकासमोरून नेलं आणि एलियटच्या पुढ्यात ठेवलं.

"मा?" रोमन म्हणाला.

"बस खाली. तुझं हरीण किती टोकांचं ते मी विचारलं का?" मग ती जावयाच्या खांद्याशी दोन क्षण जास्तच थांबली, जणू मीठ द्यायचं राहिलंय. "खा, गरम आहे तोवर. आणि पुढच्या रविवारी जरा हळू वाजव. बायका माना वळवतात."