उंदराचं भोक

यादोराव इथिओपियात मास्तर होते. १९७७ च्या सुटीत लाखनीला घरी आले ते वाटेतल्या केनियातल्या सिंहांचे फोटो घेऊन. परतताना बायकोला, रुखमिणीला, आणि तीन वर्षांच्या बेबीला ते तिकडं नेणार होते.

बॅग रिकामी करताना रुखमिणीचं बोट एका भोकात गेलं.

"उंदरानं कुरतडली असन," ते म्हणाले.

"धानाच्या घरात वाढली मी. उंदराचं भोक मले नका शिकवू. हे गोल आहे, अन् समोरासमोर दोन आहेत."

यादोरावांनी मग खरं सांगितलं. केनियाला जाणारी त्यांची बस तिथल्या लष्करी राजवटीच्या सैनिकांनी अडवली होती. सगळ्यांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. एक हातातल्या बॅगेतून आरपार गेली. शेजारच्या हेडमास्तरांचा जबडा उडाला. त्यांच्या प्रेताखाली यादोराव संध्याकाळपर्यंत मेल्यासारखे पडून राहिले.

"अन् मंग सिंह पाहिले?"

"घरी दाखवाले काहीतरी पाह्यजे होतं ना."

तेवढ्यात बेबीनं हसत भोकात बोट घातलं. रुखमिणीनं तिला असं हिसडलं की पोरगी किंचाळली. तिला कडेवर घेऊनच तिनं पासपोर्टचे फॉर्म चुलीत कोंबले.

"तुमाले जायचं तं जा. माही पोरगी नाही येत."